डोनट चिकट की कवळी सैल?

कवळीकाकांना खऱ्या नावानं ओळखणारं आता फक्त विजेचं बिल उरलं होतं. बाकी सगळ्यांना ते कवळीकाका. ते दातांचे डॉक्टर नव्हेत. डॉक्टर रुग्णाच्या तोंडात जी कवळी बसवतात आणि जिचं श्रेय घेतात, ती मागच्या खोलीत बसून घडवणारा माणूस म्हणजे काका. मेण वितळवायचं, प्लॅस्टरचा साचा ओतायचा, गुलाबी हिरड्या घडवायच्या आणि त्यात एकेक दात असा रोवायचा की घालणाऱ्यानं हसताना तोंडावर हात धरू नये. उभा जन्म यात गेला होता. त्यामुळे रस्त्यानं जाताना इतर लोक चेहरे बघत, काका जबडे बघत. कुणी जांभई दिली की ते थबकत आणि काकूंच्या कानाशी लागत.

"वरची माझी आहे. खालची दुसऱ्या कुणाची तरी. बघ कशी डुगडुगतेय."

"अहो, मयताला आलोय आपण," काकू दबक्या आवाजात म्हणत.

मग ज्यांच्या मागच्या खोलीत काका बसत, त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मशीन घेतलं. तोंडाचा फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर फिरवून बघायचा आणि बटण दाबायचं, की मशीन दात कोरून बाहेर ठेवायचं. डॉक्टरांनी काकांना आधी खुर्ची दिली, मग कॉफी दिली आणि शेवटी निरोप दिला. काका घरी बसले.

आता, हातात कसब असलेला माणूस रिकामा बसला की घरातल्या वस्तूंची धडगत नसते. महिन्याभरात घरातल्या सगळ्या कानतुट्या कपांना गुलाबी कान फुटले. खुंटीला गुलाबी टोक आलं. चष्म्याची मोडकी दांडी गुलाबी झाली. काकूंना कपाट उघडलं की कुणीतरी आपल्याकडे बघून हसतंय असा भास होऊ लागला.

काका-काकूंना दोन मुली. थोरलीनं संसार थाटला, धाकटीनं दुकान. धाकटी एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. एके दिवशी तिनं कानावरचा फोन काढून ठेवला, राजीनामा दिला आणि घरी येऊन सांगितलं, "मी मोची डोनटचं दुकान काढतेय."

"मोची?" काका म्हणाले. "म्हणजे बूट शिवणारा?"

"बाबा, मोची म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचा प्रकार. त्याचे छोटे छोटे गोळे करायचे, एकमेकांना चिकटवून गोल कडं करायचं आणि तळायचं. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट. ओढलं की ताणलं जातं. वर रंगीत साखरेचा पाक."

"ताणलं जातं," काका स्वतःशीच म्हणाले. धंद्यात उभी हयात काढलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत जे दिसायला हवं होतं, ते त्यांना तेव्हाच दिसलं. पण त्यांनी फक्त मान हलवली. मुलगी हट्टाला पेटली होती, आणि तो हट्ट कुणाकडून आला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दुकान लहानसं, एका कॉलेजच्या रस्त्यावर. धाकटीनं सगळा हिशोब तरुण पोरापोरींवर बांधला होता. भिंतींना फिकट रंग, फोटो काढायला एक सजवलेला कोपरा, आणि दारावर पाटी: 'मोची डोनट'. पाटीवर 'मोची' मोठ्या अक्षरांत आणि 'डोनट' त्याहून बारीक, कारण रंगाऱ्याला पाटीची रुंदी आधी मोजायचं सुचलं नव्हतं. व्हायचं तेच झालं. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ टाच निघालेला बूट घेऊन आत आले. धाकटी त्यांना समजावत होती तोवर काकांनी तो बूट काखोटीला मारला, घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी टाच जोडून परत केला. अर्थात गुलाबी. ते गृहस्थ कायमचं गिऱ्हाईक झाले. मात्र बुटांसाठी.

"बाबा, तुम्ही घरीच थांबत जा ना," धाकटी म्हणाली.

काका थांबले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी 'सहज' म्हणून दुकानाच्या मागच्या बाजूला डोकावले. धाकटी गोळे करत होती. एक आवळ्याएवढा, एक बोराएवढा, एक कुणाएवढाच नाही.

"हा काय जबडा आहे?" ते म्हणाले.

"हा डोनट आहे, बाबा."

"तेच म्हणतोय मी. एक दाढ इथे, एक तिथे. सरक तू."

त्या दिवसापासून गोळे काका करू लागले. आणि खरं सांगायचं तर काय गोळे करत! आठही गोळे जुळ्या भावंडांसारखे एकसारखे, त्यांचं कडं कागदाच्या चौकोनावर रेषेत बसलेलं. कागदासकट कढईत सोडलं की कागद अलगद सुटून यायचा आणि डोनट फुलांच्या हारासारखा तरंगायचा. धाकटीनं ते कबूलही केलं. बापलेक कधी नव्हे ते एका टेबलाशी गुण्यागोविंदानं उभे राहू लागले.

एकच गोष्ट काकांना खुपत होती. तळताना गोळ्यांना केसाएवढ्या बारीक चिरा जायच्या. खाणाऱ्याला त्या दिसायच्याही नाहीत. पण गुळगुळीत हिरडी घडवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला चीर म्हणजे डोळ्यातलं कुसळ. धाकटी पुढे गिऱ्हाइकांत गुंतलेली असताना त्यांनी एके सकाळी भिजवलेल्या पिठात चिकट तांदळाचं पीठ दोन मुठी जास्त घातलं. चिरा गेल्या. डोनट संगमरवरासारखे गुळगुळीत झाले. खप वाढला. धाकटीला वाटलं आपल्या नव्या पाकाची ही करामत. काकांनी तिला तसं वाटू दिलं. मात्र रात्रीच्या जेवणाला काकूंपाशी बढाई मारल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"तिला सांगितलंत का?" काकूंनी विचारलं.

"सांगायचं काय त्यात? मीठ किती घातलं हे तू मला सांगतेस का?"

काकूंनी वाढायचा चमचा जरा जोरातच भांड्यात टाकला.

अशातच एका दुपारी मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेलेली आणि उरलेली निम्मी त्यांच्या नजरेखालून. रस्त्यानं त्या निघाल्या की अजूनही चाळिशीतले बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवत. बाईंची वरची कवळी काकांनी केलेली, आणि काका तिला आपलं सर्वांत चांगलं काम मानत. कुणाला कवळीचा नमुना दाखवायचा झाला की ते म्हणत, "एकदा मोठ्या बाईंना रागावलेलं बघा."

दुकानात त्या दिवशी रांग होती. बाईंनी रांगेतच आपला डोनट घेतला, उभ्या उभ्या खाणं असंस्कृत असल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं आणि उभ्या उभ्याच एक घास घेतला. दात रुतले. बाईंनी डोनट ओढला. डोनट ताणला गेला. बाईंनी आणखी ओढला. हार मानणं बाईंच्या स्वभावात नव्हतं आणि आता ते डोनटच्याही स्वभावात राहिलं नव्हतं. मग 'चप्' असा आवाज झाला.

बाईंच्या हातात डोनट होता आणि डोनटमध्ये दात होते. डोनटच बाईंना चावायला निघाला होता आणि तो त्यांनी वेळीच धरला, असं बघणाऱ्याला वाटलं असतं. कुणी हसलं नाही. हसणार कोण? निम्मी रांग त्यांचे विद्यार्थी.

बाई काहीतरी बोलल्या. बोळक्या तोंडातून आलेलं ते वाक्य दुकानात फक्त एकाच माणसाला समजलं, कारण बोळक्या तोंडाची भाषा त्याला मातृभाषेइतकीच येत होती. बाई म्हणाल्या होत्या, "दोघांपैकी कोण जबाबदार आहे?"

काकांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं काकांकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत विनवणी होती. कवळी जुनी झालीय, बाई, एवढंच तर म्हणायचं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ती वेळ काकांवर आली होती. एका बाजूला पोटची पोर, दुसऱ्या बाजूला पोटापाण्याची सगळी पुण्याई. रांगेत मागे उभे असलेले तीन म्हातारे काकांच्याच कवळ्या घालून उभे होते. तिघांनीही तोंडं घट्ट मिटून घेतली होती.

"डोनट चिकट आहे," काका म्हणाले.

धाकटीचा चेहरा उतरला. तिनं बाईंना टिशू दिला, पाण्याचा ग्लास दिला, माफी मागितली आणि रांगेला सांगितलं की आज दुकान बंद. सगळे गेल्यावर तिनं काकांच्या गळ्यातला एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि ती खुर्चीवर ठेवली. विमा कंपनीत तिनं लोकांचे वाटेल ते बोल ऐकून घेतले होते, पण इथे ऐकवणारा घरचा होता.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कवळी तुमची. पीठही तुमचंच. बदनाम मात्र पोरगी."

"अगं, पण तीस वर्षांची..."

"जेवा."

बापलेकीत अबोला सुरू झाला. एकाच टेबलावर बसून धाकटी आईला विचारायची, "त्यांना अजून भाजी हवीय का विचार." काका म्हणायचे, "तिला सांग, नको." आणि काकू दोघांच्या मधे बसून टेलिफोन एक्स्चेंज चालवायच्या, तेही चुकीचे जोड देत. धाकटीनं न मागितलेली माफी काकांना पोचवायची, काकांनी न दिलेला आशीर्वाद धाकटीला. दोघंही फसली नाहीत.

गावभर मात्र एकच विषय: डोनट चिकट की कवळी सैल? डोनटवाले आणि कवळीवाले असे दोन पक्ष पडले. नाक्यावर वाद झडू लागले. ज्यांनी जन्मात डोनट खाल्ला नव्हता ते डोनटच्या बाजूनं तावातावानं बोलू लागले.

तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई काकांच्या घरी आल्या. रुमालात कवळी होती. काकांनी ती स्वच्छ केली, आतून लुसलुशीत पेस्ट लावली, बाईंच्या टाळूला दाबून धरली आणि काढून पाहिली. बराच वेळ उजेडात फिरवून पाहिली. कवळीत दोष नव्हता. दात दाताच्या जागी, हिरडी हिरडीच्या जागी. पण कवळी आणि बाईंची हिरडी यांच्या मधे चांगली तांदळाच्या दाण्याएवढी पोकळी होती. दात गेले की जबड्याचं हाड वर्षागणिक आटत जातं. म्हणूनच काका सगळ्यांना बजावायचे, की दर वर्षा-दोन वर्षांनी येऊन आतून नवा थर देऊन घ्या. बाई एकदाही फिरकल्या नव्हत्या. दुसऱ्याला तपासणीला बोलवायची सवय असलेलं माणूस स्वतः तपासून घ्यायला कशाला जाईल?

"बाई, कारण सापडलं," काका आनंदानं म्हणाले.

बाईंनी हात वर केला. मग तोंडावर हातरुमाल धरून सावकाश, शब्द तोडून बोलल्या: जिथे माझी शोभा झाली, तिथेच सांगायचं. सगळ्यांसमोर.

म्हणून काका नवा थर दिलेली कवळी डबीत घालून, मोठ्या बाईंच्या मागोमाग, पुन्हा दुकानात गेले. बाई निघाल्यात म्हटल्यावर वाटेत माणसं सामील होत गेली. काय होतंय हे बघायला काकूही गेल्या. धाकटी गल्ल्यापाशी हाताची घडी घालून उभी होती.

बाईंनी कवळी चढवली, दोनदा दात आपटून पाहिले आणि आवाज लावला. तोच जुना, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"हं. सांगा."

काकांनी घसा साफ केला. "डोनटचा दोष नाही. कवळीचाही नाही." इथपर्यंत सगळ्यांनाच बरं वाटलं. "दोष जबड्याचा आहे. बाई, तुमचा जबडा आटलाय."

जमलेल्या म्हाताऱ्यांनी नकळत आपापले जबडे चाचपले.

"माझा?" बाई म्हणाल्या. "या जबड्यावर मी शाळा चालवली!"

"म्हणूनच झिजला असेल," मागून कुणीतरी बोललं, आणि बाई वळताच सगळे जण छताकडे बघू लागले.

"म्हणजे आता सगळं माझ्यावर ढकलणार तुम्ही?" बाई काकांवर कडाडल्या. "त्या दिवशी मुलीवर ढकललंत, आज माझ्यावर. तुमच्या हातून कधी काही चुकतच नाही का?"

काकांनी तोंड उघडलं. पण बोलल्या काकू. शांतपणे, भाजीला भाव विचारावा तशा.

"चुकतं ना. डोनटात दोन मुठी चिकट पीठ जास्त घालत होते रोज. पोरीला न सांगता."

काकांची दातखीळ बसली. धाकटीचे डोळे आधी मोठे झाले, मग बारीक झाले.

"चिरा जायच्या," काका पुटपुटले. "बारीक. तुला दिसत नव्हत्या."

"आणि मी तीन दिवस पाक बदलतेय!" धाकटी ओरडली. "साखर कमी कर, जास्त कर, दूध घाल. मला वाटलं माझ्या हातालाच काही झालंय. बाबा, मी स्वतःला किती शिव्या घातल्यात माहितीय?"

"मला दे त्या," काका म्हणाले.

धाकटी दिल्याशिवाय राहिली नाही. तिनं बापाला सगळ्यांसमोर असं झाडलं की मोठ्या बाईंनी दोनदा पसंतीची मान डोलावली. विमा कंपनीत ऐकून घेतलेलं सगळं तिला शब्द न शब्द पाठ होतं, ते आज कामी आलं. काका मान खाली घालून ऐकत राहिले. तीन दिवसांनी मुलगी सरळ त्यांच्याशी बोलत होती, आणि त्यातच त्यांना इतकं बरं वाटत होतं की मधेच ते चक्क हसले. त्यावरून आणखी झाडणी झाली.

शेवटी बाईंनी हात वर केला. "पुरे. आता मला तसलाच एक द्या. दोन मुठीवाला."

काकांनी तिथल्या तिथे दोन मुठी घालून गोळे केले, धाकटीनं तळले. बाईंनी घास घेतला. ओढला. डोनट ताणला, ताणला, ताणला आणि तुटला. कवळी जागच्या जागी. दुकानात टाळ्या पडल्या, आणि बाई जन्मात पहिल्यांदा टाळ्यांना हसल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. धाकटीनं दुसऱ्या दिवसापासून पिठाचं प्रमाण पूर्वीचंच ठेवलं, पिठाच्या डब्याला कुलूप लावलं आणि काकांना एप्रन परत दिला. पण गावाला आता वेगळाच नाद लागला होता. ज्याच्या तोंडात कवळी, तो दुकानात येऊ लागला. "तो बाईंनी खाल्ला तो द्या." साधा डोनट दिला की म्हातारे नाराज व्हायचे. "हा काय मेला, लोण्यासारखा! यानं काय परीक्षा होणार?" अखेर धाकटीनं हार मानली आणि रोज दुपारी दोन मुठीवाले वेगळे तळायला सुरुवात केली. सजवलेल्या कोपऱ्यात, जिथे कॉलेजच्या पोरींनी फोटो काढायचे असं तिनं योजलं होतं, तिथे आता आजोबा-आजी काठ्या टेकवून, रुमाल मांडीवर पसरून, श्वास रोखून घास घेत बसायचे. पोरीही यायच्या, पण फोटो आजोबांचे काढायच्या.

काकांची मात्र गोची झाली. परीक्षेत पटापट नापास होऊ लागल्या त्या त्यांच्याच कवळ्या. एकामागून एक. काम जुनं, जबडे आटलेले, दोष कुणाचाच नाही, हे ते दर वेळी समजावत, आणि दर वेळी त्यांच्या हातात एक डोनट येई, दातांसकट. उलट कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या मशीननं कोरलेल्या कवळ्या ताज्या ताज्या होत्या. त्या ढिम्म हलायच्या नाहीत. ज्या मशीननं काकांच्या पोटावर पाय दिला होता, त्याच मशीनच्या दातांनी त्यांच्या मुलीच्या डोनटची अब्रू राखली. डॉक्टर एकदा स्वतः आले, धाकटीचं तोंडभरून कौतुक केलं आणि नवी कवळी दिली की रुग्णाला इकडेच पाठवतो म्हणाले. "घरचंच आहे म्हणा," काकांच्या खांद्यावर हात ठेवून ते पुढे म्हणाले. काकांनी दातओठ खाल्ले. तेही स्वतःचेच, अस्सल.

पण नापासांना कुठेतरी जायला हवंच होतं. ते काकांच्या घरी येऊ लागले, आतून थर देऊन घ्यायला. गॅलरीतलं धूळ खात पडलेलं टेबल पुन्हा पुसलं गेलं. सकाळभर काका गॅलरीत कवळ्या सावरत, आणि हात तीनदा धुऊन, काकूंना नखं दाखवून, दुपारी दुकानात गोळे करत. कवळीचा एकही तुकडा दुकानात आणायचा नाही, अशी धाकटीची सक्त ताकीद होती. दुकानात येताना ती त्यांचे खिसे तपासत असे.

परवाचीच गोष्ट. दुपारची वेळ, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. एक अनोळखी तरुण आत आला, फोनवर बोलत बोलतच त्यानं हवा तो डोनट बोटानं दाखवला. दाखवला तो नेमका दोन मुठीवाला. घास घेतला आणि एकदम थांबला. हात तोंडावर गेला. डोळ्यांत पाणी आलं.

आजोबांनी घास तोंडातच ठेवले. एका आजींनी चष्मा चढवला. गल्ल्यामागून धाकटी पुढे झाली. आतून काका पिठाच्या हातांनी बाहेर आले आणि त्या पोराच्या जबड्याकडे टक लावून बघू लागले. इतक्या लहान वयात, बिचारा.

"काय झालं, बाळा?" काकांनी हळूच विचारलं. "वरची की खालची?"

"जीभ," तो कळवळत म्हणाला. "जीभ चावली."

"हात्तिच्या!" कोपऱ्यातून निराश सूर निघाला, आणि सगळे पुन्हा आपापल्या डोनटकडे वळले.